पेरणीची तारीख आणि ऑक्टोबरची हजेरी : वाळूजच्या एका कारखान्याचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला हा मध्यम आकाराचा कारखाना दुचाकीच्या इंजिनाला लागणारे छोटे भाग बनवतो. सीएनसी लेथ, व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी, धातू कापणारी यंत्रं), शेवटी तपासणी आणि पॅकिंग. 1985 साली बजाज ऑटोचा प्रकल्प वाळूजला सुरू झाला. त्यानंतर सुट्या भागांचे कितीतरी कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. हा त्यांपैकीच एक, आता दुसऱ्या पिढीच्या हातात आलेला. तीन पाळ्या चालतात आणि कायम व ठेकेदाराकडची मिळून नव्वदीच्या आतबाहेर माणसं आहेत. कारखान्याचं किंवा कुणा माणसाचं नाव इथे देत नाही, कारण यातलं बरंचसं लोकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे. पहिल्यांदाच पाळी सांभाळायला मिळालेल्या तरुण इन्चार्जांनी हे प्रकरण नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

अडचण वरवर साधी होती. दरवर्षी सप्टेंबरअखेरीपासून हजेरी कोसळायची. सकाळच्या पाळीला लाइनवर किती जण येणार हे गेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नसे. तोवर रात्रपाळीची माणसं डबे आवरून निघालेली असत. मग त्यांतल्या काहींना थांबवायचं, डबल पाळी करायला लावायची, जागरणानं डोळे लाल झालेल्या ऑपरेटरकडून पुन्हा आठ तास काम घ्यायचं. रिजेक्शन, म्हणजे नाकारले जाणारे भाग, वाढायचं, ग्राहक कंपनीचा फोन यायचा आणि मालक खाली शॉपमध्ये, म्हणजे मशीनं असलेल्या विभागात, उतरायचे.

एकाच महिन्यात दोन सुग्या

या हजेरीमागचं कारण शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं. दुचाकीच्या बाजाराचा सगळ्यात मोठा हंगाम नवरात्र ते दिवाळी. त्यासाठीचं शेड्यूल पुरवठादाराकडे ऑगस्टपासूनच चढू लागतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात टोकाला जातं. नेमकी त्याच वेळी सोयाबीनची काढणी येते.

रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर भागात खोली करून राहणारे यातले बरेच कामगार परभणी, हिंगोली, जालना, लातूर जिल्ह्यांतले आहेत. घरी तीन-चार एकर कोरडवाहू, म्हातारे आईवडील, धाकटा भाऊ शिकतो आहे किंवा पुण्यात आहे. सोयाबीन वाळलं की थांबत नाही. जेएस 335 सारखं सोयाबीनचं जुनं वाण साधारण 95 ते 100 दिवसांत काढणीला येतं आणि त्यानंतर उशीर झाला की उन्हात शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. कापून गंजी लावली अन् वरून परतीचा पाऊस आला, तर दाण्याला कोंब फुटतात. मजूर मिळत नाहीत. गुत्त्यानं, म्हणजे ठेका देऊन, काढायचं म्हटलं तर गुत्तेदार घरचा कर्ता माणूस समोर असल्याशिवाय दाद देत नाही. मळणी यंत्राचा नंबर लागतो तो रात्री दोनलाही लागू शकतो. अशा वेळी बापाचा फोन येतो, "तू यायलास का नाही, एवढं सांग." त्या फोनपुढे कारखान्याची नोटीस टिकत नाही.

नोटीस होती. 2023 च्या सप्टेंबरात तेव्हाच्या प्रॉडक्शन मॅनेजरांनी फलकावर लावली : दिवाळीपर्यंत सर्व रजा बंद. त्यांना दुष्ट ठरवण्याचं कारण नाही. ग्राहकाची लाइन आपल्या भागावाचून थांबली तर काय होतं हे त्यांनी सोसलेलं होतं, आणि हातात असलेलं एकच हत्यार त्यांनी वापरलं. पण परिणाम काय झाला ते बघा. रजा बंद झाली, गावी जाणं बंद झालं नाही. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, पेरण्या जुलैत गेल्या होत्या, त्यामुळे काढणी ऑक्टोबरच्या मध्यावर, ऐन नवरात्रात आली. एकेक जण "आजारी" पडू लागला. कुणाची आजी वारली, कुणाला ताप आला. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) आजारपणाच्या लाभात पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पुढे वेतनाच्या 70 टक्के मिळतात. हे माहीत असूनही लोक दवाखान्याची चिठ्ठी आणत होते. म्हणजे खिशाला खार लावून खोटं बोलत होते.

एका ऑपरेटरनं मला सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं देतो : "साहेब, खरं बोललं की सुट्टी भेटत नाही, खोटं बोललं की भेटते. मग मानसानं काय बोलावं?"

माझ्या मते सगळं प्रकरण या वाक्यात आहे. मॅनेजरांना वाटत होतं की आपल्याकडे शिस्तीची अडचण आहे. खरी अडचण माहितीची होती. कोण कधी जाणार हे प्रत्येकाला आधीच माहीत होतं, पण ते सांगणाऱ्याला शिक्षा होती, म्हणून ते वर पोचत नव्हतं.

जुलैची वही

2024 च्या सुरुवातीला क्वालिटीतल्या एका तरुण अभियंता बाईंना पाळी इन्चार्ज केलं गेलं. सेलू तालुक्यातल्या, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या, घरी शेती. शॉपमध्ये पाळी सांभाळणारी पहिली बाई. लोक आधी "मॅडम" म्हणायचे, काही महिन्यांनी "ताई" म्हणू लागले. इथेही तेच नाव वापरतो.

पहिले तीन-चार महिने ताईंना जड गेले. गेज हातात घेऊन पीस नाकारणं वेगळं आणि पंधरा वर्षं जुन्या माणसाला "आज तुम्ही तीन नंबरच्या मशीनवर" असं सांगणं वेगळं. त्या सगळी कामं स्वतःच करायला धावायच्या. इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) संपलं, धाव स्टोअरला. पहिला पीस तपासायचा, घे मायक्रोमीटर. चांगल्या तंत्रज्ञाला बढती मिळाली की हे होतंच. जुन्या कामात हात बसलेला असतो, म्हणून माणूस तिकडेच वळतो, आणि ज्यासाठी बढती मिळाली ते काम, म्हणजे माणसांचं नियोजन, उद्यावर पडत राहतं.

जुलैत त्यांनी एक गोष्ट केली, आणि ती शेतकऱ्याच्या घरातली पोरच करू शकली असती. चहाच्या सुट्टीत त्या वही घेऊन मशीनपाशी जाऊ लागल्या आणि एकच प्रश्न विचारू लागल्या : "घरी पेरणी कधी झाली?"

रजेबद्दल अवाक्षर नाही. पेरणीबद्दल विचारल्यावर कोण गप्प बसतं? पाऊस किती पडला, बियाणं कुठलं, उगवण कशी आहे, सगळं निघू लागलं. वहीत पाच रकाने होते : नाव, गाव-तालुका, पीक, पेरणीची तारीख आणि शेवटचा मोकळा. त्या मोकळ्या रकान्यात ताई रात्री घरी बसून 98 दिवस मिळवायच्या. जिंतूरच्या एकाची पेरणी 20 जूनची, म्हणजे काढणी 26 सप्टेंबरच्या आसपास. मंठ्याच्या दुसऱ्यानं दुबार पेरणी केली ती 8 जुलैला, म्हणजे 14 ऑक्टोबर. गंगापूर-वैजापूरकडच्यांच्या पुढे कापूस किंवा मका. कापसाची वेचणी टप्प्याटप्प्यानं होते, महिनोन्‌महिने चालते आणि बहुतेक ठिकाणी बायकाच वेचतात. त्यामुळे त्यांना एकदम आठवडाभराची गरज नव्हती.

ऑगस्ट संपायच्या आत ताईंकडे असा तक्ता तयार होता जो कुठल्याही संगणकात नव्हता. गेल्या वर्षीच्या हजेरीवरून अंदाज बांधला असता तर तो साफ फसला असता. 2023 ला पेरण्या लांबल्या होत्या, 2024 ला पाऊस वेळेवर आला आणि बऱ्याच जणांची काढणी दोन-तीन आठवडे अलीकडे सरकली. मागच्या वर्षीचं कॅलेंडर खोटं ठरलं, पेरणीची तारीख खरी ठरली.

पुढची पायरी मालकांना पटवण्याची. ताईंनी कायद्याचा आधार घेतला. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 79 नुसार वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर 20 दिवसांमागे 1 दिवस पगारी रजा मिळायची आणि अर्ज 15 दिवस आधी द्यायचा असे. आजवर कुणी 15 दिवस आधी अर्ज देत नव्हतं, कारण अर्ज दिला की तो नाकारला जायचा आणि वर लक्षही ठेवलं जायचं. "पेरणीवरून तारीख काढता येते, म्हणजे 15 दिवस आधी अर्ज करता येतो. रजा त्यांच्या हक्काचीच आहे, आपण फक्त ती आधी मागायला लावू," असं त्यांनी मांडलं. मालकांनी एका हंगामापुरती परवानगी दिली.

सप्टेंबरात रजेचे अर्ज एवढे आले की मालक हादरले. आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. "हे तर उलटंच झालं," असं त्यांचं म्हणणं. इथे ॲमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं 1990 च्या दशकातलं काम आठवतं. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की ज्या तुकड्यांचं आपसातलं नातं आणि नेतृत्व चांगलं, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त. चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. इथेही कागदावरची रजा वाढली आणि न सांगता पडणारे खाडे कमी झाले. गेटवरचा पहाटेचा गोंधळ ओसरला. ताईंनी मालकांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले, तेव्हा ते शांत झाले.

ज्याला शेत नाही त्याचं काय

इथवरची गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र प्रकरणाचा खरा भाग पुढे दिसतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एक ऑपरेटर ताईंकडे आला. बोलायला शांत, कामाला पक्का, कधी खाडा नाही. म्हणाला, "ताई, मला शेत नाही. म्हणून त्यांच्या सुट्ट्यांत दरसाल ओटी (ओव्हरटाइम) मीच करायची का?"

ओटीचे दुप्पट पैसे मिळतात, हे उत्तर ताईंच्या ओठावर आलं होतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी वही उघडली. सोयाबीनवाल्यांची नावं, तारखा, सगळं नीट होतं. भूमिहीन कामगारांच्या नावापुढे चार रकाने कोरे. त्या कोऱ्या रकान्यांचा अर्थ सगळ्यांनी "याला सुट्टी लागत नाही" असा लावला होता. त्या ऑपरेटरला दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर, आईला घेऊन जायचं होतं. नोकरीला लागल्यापासून जमलं नव्हतं, कारण त्या दिवसांत लाइन कायम त्याच्यावर टाकलेली असायची. त्यानं मागितलंही नव्हतं. काढणी हे कारण समजलं जातं, आपलं कारण समजलं जाईल याची त्याला खात्री नव्हती.

मराठवाड्यात कुणाला शेत आहे आणि कुणाला नाही हा प्रश्न निव्वळ पिकाचा नसतो, हे इथल्या कुणाही माणसाला सांगायला नको. सहानुभूतीनं आखलेली योजनासुद्धा गावातली जुनी उतरंड शॉपफ्लोअरवर जशीच्या तशी आणून ठेवू शकते. आखणाऱ्याच्या मनात काही वाईट नसलं तरी हे होतं, कारण आपल्याला आपल्यासारख्यांची गरज पटकन दिसते. शेतकऱ्याच्या मुलीला पेरणी दिसली. हे तिचं बळ होतं आणि तिथेच एक जागा नजरेआड राहिली.

2025 साठी नियम बदलला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक कायम कामगाराला एक हक्काचा आठवडा. कारण विचारायचं नाही. काढणी असो, दीक्षाभूमी असो, बहिणीचं लग्न असो किंवा नुसतं घरी राहायचं असो. तारखा जुलैअखेर सांगायच्या. एका सेलमधून (मशीनांच्या एका गटातून) एका वेळी किती जण जाऊ शकतात याची मर्यादा फलकावर लिहिलेली. तारखा जुळल्या तर दोघांनी आपसात बसून ठरवायचं, नाहीच जमलं तर गेल्या वर्षी ज्यानं सोडलं त्याला यंदा आधी. पेरणीची वही राहिली, पण ती नियोजनासाठी, निवाड्यासाठी नाही. लातूरकडच्या दोघांनी लगेच विचारलं की येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचं काय, ती तर मार्गशीर्षात येते. तिला वेगळा एक दिवस मिळाला.

मामांचा हात

योजना कागदावर बसली तरी एक गाठ सुटत नव्हती. एका अवघड भागासाठी मशीन जुळवून देणं, म्हणजे सेटिंग, फक्त एकाच सेटरला जमायचं. वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. बोअरची, म्हणजे भागातल्या गोल छिद्राची, मर्यादा काही मायक्रॉनची. इन्सर्ट बदललं की पहिले दोन-तीन पीस कुठे सरकतात आणि ऑफसेट (मशीनला द्यायची दुरुस्ती) किती द्यायचा हे त्यांना आवाजावरून कळायचं. मामा गावी गेले की ते मशीन बंद. पावसाळ्याआधीच्या सुस्त महिन्यांत दोन पोरांना तयार करायचं ठरलं, आणि मामा शिकवेनात. "बघा की, बघून येतं," एवढंच म्हणायचे.

ताईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं नाही. पाळी संपल्यावर मशीनपाशीच थांबल्या आणि सरळ विचारलं, "मामा, भीती कशाची आहे?" बराच वेळ मामा पुसण्याच्या कापडानं चक पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरं शिकली की माझा सेटिंग भत्ता जाईल. पोरीचं लग्न आहे पुढल्या साली."

भीती अगदी रास्त होती. कौशल्य हीच ज्याची ठेव, त्याला ती वाटून टाक म्हणताना बदल्यात काय देणार, हे आधी सांगावं लागतं. ताई मालकांकडे गेल्या आणि दोन ओळींचं पत्र घेऊन आल्या : भत्ता कायम राहील, आणि शिकवलेल्या प्रत्येक माणसामागे वेगळी रक्कम. मामांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पोरांना जवळ घेतलं. आधी स्वतः करून दाखवलं, मग पोरांच्या हातून करवून घेतलं, मग त्यांना बोलत बोलत करायला लावलं. "हात काय करायलाय ते तोंडानं सांग. सांगता आलं नाही तर तुला आलं नाही." शिकवण्याची इतकी नेमकी रीत मी मोठ्या प्रशिक्षण वर्गांतही क्वचितच पाहिली आहे.

सप्टेंबर 2025

मग खरी परीक्षा आली. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. खोळंबलेली गिऱ्हाइकी एकदम बाहेर पडली आणि ग्राहक कंपनीचं शेड्यूल उसळलं. त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी. गोदाकाठची गावं पाण्यात, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. आखलेले आठवडे सगळे विस्कटले. ज्यांचा आठवडा ऑक्टोबरात होता त्यांनाही आताच घर गाठायचं होतं. काढायला काही उरलं नव्हतं. जनावरं, भिंती, पंचनामा यांसाठी जायचं होतं.

त्या रात्री ताईंच्या फोनवर निरोप येत राहिले. "घरात पाणी शिरलंय, सकाळी निघायलो." "रस्ता बंद आहे, परवा येतो." एकही चिठ्ठी आजारपणाची नाही. पहाटेच्या आत त्यांच्याकडे यादी होती : कोण नाही, कोण परवा येणार, कुठलं मशीन उघडं पडणार. कापूसवाल्या भागांतलेही सगळे पुरातून सुटले नव्हते, पण जे शहरात होते त्यांनी आपणहून पाळ्या बदलून घेतल्या. आदल्या वर्षी प्रश्न विचारणारा तो ऑपरेटर दोन आठवडे सकाळची पाळी सांभाळत होता. त्याचा हक्काचा आठवडा दसऱ्याचा, 2 ऑक्टोबरचा. ताईंनी त्याला हात लावला नाही. वरून दबाव होता, "एवढ्या पुरात तो एक तरी थांबेल की." ताई म्हणाल्या, "त्याचा शब्द मोडला तर पुढच्या जुलैला मला कुणी खरी तारीख सांगणार नाही." तो नागपूरला जाऊन आला.

माल पूर्ण गेला का? नाही. काही दिवस तुटवडा राहिला, मालकांनी ग्राहकाला आधीच कळवलं की अमुक दिवशी एवढेच पीस येतील. आधी कळवल्यामुळे त्यांनी त्यांचं शेड्यूल पुढेमागे केलं. 2023 मध्ये असं कळवणं शक्यच नव्हतं, कारण कळवायला कुणाकडे काही नव्हतं.

या व्यवस्थेत एक मोठं भोक अजून आहे. हक्काचा आठवडा फक्त कायम कामगारांना आहे. पॅकिंगला आणि लोडिंगला असलेली ठेकेदाराची पोरं पुरात गावी गेली ती बिनपगारी गेली, आणि त्यांतली काही परत आल्यावर त्यांच्या जागी दुसरे उभे होते. कायद्यानं पगारी रजा त्यांनाही लागू होती, पण मधेमधे खंड पाडला की 240 दिवस भरत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि ही अट 180 दिवसांवर आली. ठेकेदाराचं कंत्राट नूतनीकरणाला आलं तेव्हा ताईंनी त्यात रजेचं आणि परत आल्यावर जागा राखण्याचं कलम घालायचा आग्रह धरला. मालकांनी खर्च विचारला. आता ताई आणि अकाउंट्समधले एक जण मिळून तो हिशोब मांडताहेत, आणि त्यासाठी वहीत ठेकेदाराच्या पोरांची नावं, गावं भरून घेणं सुरू झालं आहे.